नाक्यावरची हाल्मोनी

काही गावांची नावे ऐकताच तेथे उतरावेसे वाटते, आणि काही गावांच्या नावातच 'येथे थांबा' अशी आज्ञा असते. कनेरगाव नाका हे दुसऱ्या जातीचे गाव. हिंगोली आणि वाशिम यांच्या दरम्यान, अकोल्याहून नांदेडमार्गे संगारेड्डीकडे जाणाऱ्या १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर ते वसले आहे. पूर्णा-अकोला लोहमार्गावर त्याचे स्टेशनही आहे. हा मार्ग २००८ साली रुंद झाला. त्यापूर्वी मीटरगेजची लहानखुरी गाडी या बाजूने जात असे, आणि ती इतकी सावकाश जात असे की खिडकीत बसणाऱ्याला प्रत्येक शेताची ओळख करून घेता येई. आता गाडी वेगाने जाते आणि ओळख राहून जाते. असो.

नाका म्हणजे हद्द. पैनगंगा येथून दूर नाही. तिच्या पलीकडे वऱ्हाड, अलीकडे मराठवाडा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे इंग्रजांनी त्याच्याकडून घेतलेला मुलूख. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार रुपया. माल इकडचा तिकडे करावयाचा तर करोडगिरीचा कर भरावा लागे, आणि मुक्तिसंग्रामाच्या काळात सरहद्दीवरची ही करोडगिरीची नाकी कार्यकर्त्यांच्या रोषाला प्रथम बळी पडत. १९५६ मध्ये दोन्ही काठ एका राज्यात आले. निजाम गेला, करोडगिरी गेली, हाली शिक्का गेला. नाका मात्र नावाला चिकटून राहिला.

भाषेची हद्द अजून शाबूत आहे. नाक्यावरच्या हॉटेलात चहा घेत अर्धा तास बसा. 'मला' आणि 'मले', 'तुला' आणि 'तुले' एकाच बाकावर शेजारी बसलेले आढळतील, आणि एकमेकांना कोणी हसणार नाही. मराठीच्या प्राध्यापकाला याहून स्वस्त करमणूक नाही.

माझे तेथे जाणे मात्र वेगळ्या कारणाने झाले. माझा एक जुना विद्यार्थी या गावचा. आता तो शेजारच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. आमच्या महाविद्यालयात मी अधूनमधून चित्रपट दाखवितो. बंगाली, जपानी, इराणी, जो मिळेल तो. तेथे त्याने एकदा एक कोरियन चित्रपट पाहिला होता. यंदा फाल्गुनात त्याचा फोन आला. "सर, तो आजीचा सिनेमा आमच्या घरी दाखवायचा आहे. सगळ्या घराला. तुम्हीच या, वाचून दाखवायला लागेल." घरच्या सगळ्यांना कोरियन चित्रपट का दाखवावयाचा, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. हौस असेल, असे समजून गेलो.

तो चित्रपट ली चांग-डाँग या दिग्दर्शकाचा. इंग्रजीत त्याला 'पोएट्री' म्हणतात. मूळ कोरियन नाव नुसते 'शी', म्हणजे कविता. २०१० सालच्या कान महोत्सवात त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळाले. ली चांग-डाँग मूळचे कादंबरीकार. पुढे चित्रपटांकडे वळले, आणि २००३-०४ मध्ये तर त्या देशाचे सांस्कृतिक मंत्रीही होते. साहित्यिक मंत्री झाला की लिहिणे सुटते असा आपल्याकडचा अनुभव. यांचे सुटले नाही. गोष्ट अशी: मीजा नावाची सहासष्ट वर्षांची बाई नातवाला सांभाळून एका लहान गावात राहते. डॉक्टर तिला सांगतात, तुमची स्मृती जाऊ लागली आहे. आधी नामे जातील, मग क्रियापदे. त्याच सुमारास ती कवितेच्या वर्गात नाव घालते. आणि त्याच सुमारास तिला कळते की शाळेतली एक मुलगी नदीत जीव देऊन मेली, तिच्यावर सहा मुलांनी अत्याचार केला होता, आणि त्या सहांत आपला नातू आहे. मुलांचे बाप एका खाणावळीत जमतात आणि मुलीच्या आईला पैसे देऊन प्रकरण मिटवावे असे ठरवितात. चित्रपट दोन तास एकोणीस मिनिटांचा आहे. त्यात पार्श्वसंगीत नाही. कोणी मोठ्याने ओरडत नाही. माणसे बोलतात, जेवतात, वाट पाहतात.

हा चित्रपट मी चार निरनिराळ्या मंडळींना दाखविला आहे, आणि चारही ठिकाणी तो वेगळाच झाला. शहरातल्या रसिकांत तो दाखविला तेव्हा दिव्यांचा प्रकाश पडताच एका गृहस्थांनी 'अप्रतिम संयम' असा अभिप्राय दिला. त्यांचा स्वतःचा संयम पाऊण तासातच संपून त्यांना डुलकी लागली होती, हे मी शेजारी बसून पाहिले होते. महाविद्यालयातल्या मुली मोठ्या उत्साहाने आल्या. कोरियन म्हणताच त्यांच्या डोळ्यांपुढे मालिकांतले गोरेगोमटे तरुण, एका छत्रीत दोघे आणि पहिला बर्फ असे चित्र उभे राहते. सहासष्ट वर्षांची आजी पाहून त्या हिरमुसल्या. त्यांतली एक मात्र दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "सर, त्या मेलेल्या मुलीची आई शेवटपर्यंत काहीच का बोलत नाही?" यावर मी तिला काही उत्तर दिले, पण ते उत्तर प्राध्यापकी होते.

आपल्याकडे शांत चित्रपट नाहीत असे नव्हे. 'श्वास' २००४ साली आला. आजोबा, नातू आणि जाणारी दृष्टी एवढेच त्यात होते, आणि सारा महाराष्ट्र त्याच्यासाठी रडला. दहा वर्षांनी 'कोर्ट' झाला. त्यात कॅमेरा एका जागी बसून न्यायालयाचे कामकाज पाहत राहतो, आणि वादळ उठेल म्हणून वाट पाहणाऱ्याला वादळ मिळत नाही. त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ऑस्करसाठी तो भारतातर्फे गेला. तरी माझ्या ओळखीतले अर्धे लोक 'काही घडतच नाही' म्हणून उठले आणि उरलेले अर्धे 'हेच तर घडते' म्हणून बसून राहिले. मला वाटते, आमचा प्रेक्षक नाटकाच्या आणि कीर्तनाच्या मांडवात वाढलेला आहे. बोलणे त्याला प्रिय आहे, पण ते टाळीचे वाक्य असावे लागते. पात्राच्या मनात एक आणि ओठावर साखर-चहा, असे बोलणे रंगभूमीवर चालले की त्याला वाटते नट वाक्य विसरला.

आणि खरी गंमत ही की घरी, दारी, बाजारात तो स्वतः असेच बोलतो. खेड्यात कोणाकडे उसने पैसे मागावयाचे असोत की सोयरिकीची गोष्ट काढावयाची असो, पहिला तास पाऊसपाण्यातच जातो.

फाल्गुनात हा सारा भाग पिवळा झालेला असतो. हिंगोलीची हळदीची बाजारपेठ मोठी, आणि शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. खणून काढलेली हळद शिजवायची, पंधरा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, मग ढोलात घालून घासायची. माझ्या विद्यार्थ्याच्या अंगणात एका बाजूला हळद पसरलेली होती, तिचा उग्र मातकट वास रात्रीच्या गारव्यात खाली बसला होता, आणि उरलेल्या अंगणात सतरंज्या. चुन्याने नुकत्याच पोतलेल्या भिंतीवर चित्रपट. वीस-पंचवीस माणसे जमली. विद्यार्थ्याची आजी, आई-वडील, चुलता-चुलती, चुलत्याचा सतरा वर्षांचा मुलगा, हळद शिजवायला आलेल्या दोन मजूर बाया, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, आणि शेजारची पोरे. ती अर्ध्या तासात झोपली.

मी भिंतीजवळ स्टूल घेऊन बसलो आणि पडद्यावर उमटणारी इंग्रजी वाक्ये मराठीत वाचू लागलो. हा उद्योग नवा नाही. मूकपटांच्या काळात पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचणारे आपल्याकडे होते. कोरियात तर असा कथेकरी पगारी असे, त्याला 'ब्योन्सा' म्हणत, आणि लोक नटापेक्षा त्याच्या नावावर तिकिटे काढीत. माझ्या नावावर कोणी आले नव्हते, पण एक शोध मला त्या स्टुलावर लागला. इंग्रजी वाक्य मराठीत आणताना ते उलटे करावे लागते, क्रियापद शेवटी न्यावे लागते; आणि कोरियन भाषेतही क्रियापद शेवटीच येते. म्हणजे दोन वेळा उलटे होऊन वाक्य पुन्हा मूळ क्रमाने उभे राहत होते. मोठ्यांशी बोलण्याची आदरार्थी रूपे त्या भाषेत आपल्याहूनही अधिक. ती इंग्रजीत गळून पडलेली, मी अंदाजाने परत घातली. नातू आजीला 'हाल्मोनी' म्हणतो. तेवढा शब्द मी तसाच ठेवला.

आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पोथी ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा तसा त्या प्रत्येक वाक्याला हुंकार देत होत्या. मीजा बसमध्ये नुसतीच बसली आहे, असे एक लांब दृश्य आले तेव्हा मी गप्प झालो.

"थांबलात का, सर?"

"आजी, ती काही बोलत नाही."

"मग मीबी गप बसते," आजी म्हणाल्या आणि खरेच हुंकार थांबला.

खाणावळीतला प्रसंग आला. बाप मंडळी रकमेचा हिशेब करीत आहेत. मीजा हळूच उठून बाहेर जाते आणि दारातली लाल फुले पाहत वहीत काही टिपून घेते. "कोंबडा!" आजी एकदम म्हणाल्या. फूल खरेच कोंबड्याचे होते. सात समुद्रांपलीकडे आपल्या परसातले फूल पाहून बाया खुशीत आल्या. आतमध्ये मात्र आकडा ठरत होता: तीन कोटी वॉन, सहा घरांत वाटून प्रत्येकी पन्नास लाख.

"पन्नास लाख?" चुलत्यांनी मान वर केली. "आपले किती झाले, सर?"

आजच्या भावाने तीनेक लाख रुपये होतील, असे मी सांगितले.

"म्हणजे इथल्याएवढंच," ते म्हणाले.

कोणी हसले नाही. थोड्या वेळाने ते हळदीवर ताडपत्री ओढायला म्हणून उठले, आणि मग अंगणाच्या टोकाशीच उभे राहिले. तेथून पडदा दिसत होता.

या चित्रपटाचा गाभा मला नेहमी पुढच्या प्रसंगात वाटत आला आहे. मेलेल्या मुलीच्या आईला तडजोडीला राजी करावे म्हणून बाप मंडळी मीजाला तिच्याकडे पाठवितात. बाईचे बाईला पटेल, हा हिशेब. मीजा गावाबाहेरच्या वाटेने जाते. झाडाखाली जर्दाळू गळून पडलेले असतात, त्यातले एक उचलून खाते. शेतात ती आई काम करीत असते. मीजा तिच्याशी हवेबद्दल बोलते, पिकाबद्दल, पडलेल्या फळांबद्दल. बोलणे छान होते. ती निरोप घेते, परत फिरते, आणि चार पावले गेल्यावर तिच्या चेहऱ्यावर येते की आपण कशासाठी आलो होतो. शहरातल्या मंडळात या प्रसंगावर मोठी चर्चा झाली होती: ती विसरली की तिने टाळले? एकाने स्मृतिभ्रंशाचा वैद्यकीय पक्ष मांडला, दुसऱ्याने कलेने वास्तवापासून केलेले पलायन काढले.

अंगणात ड्रायव्हर फिस्कन हसला. "काय सांगाले गेली अन् काय सांगून आली!" तो वऱ्हाडाकडचा होता.

मजूर बायांतली एक, इतका वेळ तोंडाला पदर लावून बसलेली, त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "निघत नसतंय ते तोंडातून."

तिच्या या चार शब्दांपुढे दोन्ही पक्ष मला पोकळ वाटले.

मध्यंतरी एक प्रसंग असा आहे की मीजा आपल्या वाट्याचे पैसे कोठून आणि कसे आणते ते त्यात दिसते. तो येथे सांगत नाही. तेथेही मी वाचणे थांबविले. बायांनी खाली पाहिले, पण उठून कोणी गेले नाही.

शेवट जवळ आला. मीजा नातवाला आवडीचे खाऊ घालते, आंघोळ करायला सांगते, त्याच्या पायाची नखे काढते. संध्याकाळी दोघे रस्त्यावर बॅडमिंटन खेळतात. पोलिसांची गाडी येते. एक जण मुलाला शांतपणे घेऊन जातो आणि दुसरा नातवाच्या जागी उभा राहून आजीशी खेळत राहतो. पोलिसांना कोणी सांगितले हे चित्रपट सांगत नाही. कवितेच्या वर्गात एकाही विद्यार्थ्याने कविता लिहिलेली नसते. फक्त मीजाची वही आणि फुले टेबलावर असतात, ती स्वतः नसते. कविता वाचली जाते आणि चित्रपट पहिल्या दृश्यातल्या नदीपाशी संपतो.

मी यंत्र बंद केले. काही वेळ महामार्गावरच्या ट्रकांखेरीज आवाज नव्हता.

"तिनं सांगितलं का नाही?" ड्रायव्हरने विचारले.

चित्रपटात ते दाखविलेले नाही, असे मी म्हणालो.

"तसं कसं? कोणीतरी सांगितलंच असंन ना. तिनंच ना?" त्याने हे तीनदा विचारले.

विद्यार्थ्याचे वडील म्हणाले, सख्ख्या नातवाला कोणी आजी पोलिसांत देत नसते; दुसऱ्याच पोराच्या बापाने घोळ घातला असेल. चुलती म्हणाल्या, दिले असेल तर चांगले केले नाही, पैसे तर भरलेच होते. विद्यार्थ्याची आई म्हणाली, पैसे भरले म्हणून ती पोरगी पाण्यातून वर आली का? यावर दोघी जावा जराशा जोरात बोलू लागल्या. तेव्हा आजींनी हात वर केला.

"तिनंच सांगितलं. नखं काढली न्हाईत का? लेकराला परगावी धाडताना काढत्यात तशी."

हा चित्रपट मी किती वेळा पाहिला असेन! नखे काढण्याचा प्रसंग मला वात्सल्याचा एक साधा तपशील वाटत आला होता, आणि माझ्या वाचनात आलेल्या कोणत्याही समीक्षेत त्याचा असा उलगडा नव्हता. आजींना अक्षरओळख नाही. त्यांनी मुलगे मुंबईला, नातू होस्टेलवर, मुली सासरी पाठविल्या होत्या. सतरा वर्षांचा मुलगा सतरंजीच्या कडेला गुडघ्यांत मान घालून बसला होता, तो उठून घरात गेला.

सकाळी विद्यार्थी मला नाक्यापर्यंत पोहोचवायला आला. बस यायची होती. तेव्हा त्याने सारे सांगितले. माघात हळदीची ट्रॉली घेऊन येताना ट्रॅक्टर रस्त्याकडेने चाललेल्या एका मजूर बाईच्या अंगावर गेला. बाई वाचली, एक पाय गेला. चाकावर चुलत्याचा मुलगा होता. परवाना नाही, वयही नाही. घरात बसून ठरले की ट्रॅक्टर ड्रायव्हर चालवीत होता असे सांगावयाचे. ड्रायव्हर कबूल झाला होता, त्याला वेगळे पैसे मिळणार होते. बाईच्या नवऱ्याशी बोलणे तीन लाखांवर आले होते. आणि काल पदराआडून बोललेली बाई त्याच वस्तीतली.

"घरात या गोष्टीला तोंड फोडायची सोय नव्हती, सर. मी लहान. चुलत्यासमोर काय बोलणार? मग म्हटलं, वाचून तरी दाखवू."

मी त्याला काय बोललो ते सांगण्यासारखे नाही. बहुधा उन्हाबद्दल बोललो असेन.

या जिल्ह्यात, औंढा नागनाथाजवळ दुधाळा येथे, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीचे तिचे दोन हात असावयाचे, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी दूर कोठे तरी दोन कृष्णविवरे आदळली त्याचा अतिसूक्ष्म कंप त्यांनी ओळखावयाचा. असल्या यंत्राला जमीन शांत लागते. हे वाचले तेव्हा मला हिंगोलीचा अभिमान वाटला होता. बसमध्ये मला तो कंप आठवला, आणि 'म्हणजे इथल्याएवढंच' हे दोन शब्द.

मीजाचे काम करणारी युन जाँग-ही ही १९६० च्या दशकातली कोरियाची लाडकी नटी. सोळा वर्षे ती पडद्यापासून दूर होती, आणि तिला डोळ्यांपुढे ठेवूनच ली चांग-डाँग यांनी ही भूमिका लिहिली. तिचे खरे नावही मीजाच. पुढे तिला खरोखरच स्मृतिभ्रंश जडला आणि २०२३ च्या जानेवारीत ती पॅरिसमध्ये वारली. हे मी त्या रात्री अंगणात सांगितले नव्हते. नंतर फोनवर विद्यार्थ्याला सांगितले, त्याने आजींना सांगितले, आणि आजी म्हणे बराच वेळ गप्प होत्या.

आषाढात त्याचा पुन्हा फोन आला. चुलत्याच्या मुलाने स्वतः जाऊन जबाब दिला. कोणी नेले, कोणी समजाविले, हे घरात कोणी बोलत नाही. आजींनी त्या दिवशी त्याला पहाटे उठवून आंघोळीला पाणी दिले होते, एवढेच त्याच्या आईला ठाऊक. चुलते माझ्या विद्यार्थ्याशी अजून बोलत नाहीत, आणि पुन्हा आलो तर माझ्याशीही बोलतील असे नाही. पैशांची बोलणी अडली आहे. बाईचा नवरा आता अधिक मागतो, आणि त्याचे चुकते असे मला वाटत नाही. ड्रायव्हर काम सोडून नाक्यापलीकडे गेला. कबूल केलेले पैसे बुडाले म्हणून रागावून गेला की सुटलो म्हणून गेला, याविषयी घरात दोन मते आहेत.

"आणखी एक, सर. आजी विचारते, ती खाली पडलेली फळं कोणची होती?"

जर्दाळू, असे मी सांगितले. मागून आजींचा आवाज आला. त्यांना ते पटले नव्हते. जर्दाळू वाळलेले असतात, वाण्याकडे मिळतात. ही तर झाडाची होती, आणि चांगली ओली होती.